पाच सेंटिमीटर पाणी

दरवर्षी फायनल इयरचे प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की यादीत एक तरी ‘लो कॉस्ट व्हेंटिलेटर’ असतोच. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा तर देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत अंबू बॅग दाबणारी यंत्रं तयार होत होती. पेपरात फोटो आले, ट्रॉफ्या मिळाल्या, सरांच्या केबिनमध्ये मॉडेल काचेच्या कपाटात जाऊन बसलं. यात वाईट काहीच नाही. पण हे सगळं बघताना मला एक प्रश्न कायम पडतो, आणि तो जाहीरपणे विचारावा म्हणूनच हा लेखनप्रपंच. ते मशीन वर्षभरानं बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार?

हा प्रश्न मी एका फार लहान पेशंटच्या वतीनं विचारते आहे. वजन एक किलोच्या आसपास, म्हणजे मेसमधल्या साखरेच्या एका पुड्याइतकं. जन्म मात्र दिवस भरायच्या दहा-बारा आठवडे आधी.

पूर्ण दिवस म्हणजे चाळीस आठवडे. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलं की बाळ अपुऱ्या दिवसांचं, आणि बत्तीसच्या आत जन्मलं तर फारच अपुऱ्या दिवसांचं. २०२० या एका वर्षात भारतात सुमारे ३० लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली. जगात कुठल्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे. आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात, ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.’ हे साफ चूक आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, आणि त्याचं मोठं कारण आहे फुफ्फुस.

ते कसं, हे समजायला डॉक्टर व्हायची गरज नाही. गॅदरिंगच्या डेकोरेशनला फुगे फुगवलेत ना? पहिली फुंकर सगळ्यात जड जाते. एकदा फुगा थोडा फुगला की पुढचं काम सोपं. पण प्रत्येक वेळी सगळी हवा सोडून पुन्हा पहिल्यापासून फुगवायला सांगितलं तर? दहा मिनिटांत आपली छाती भरून येईल. अपुऱ्या दिवसांचं बाळ नेमकं हेच करत असतं, मिनिटाला साठ-सत्तर वेळा.

सरफेस टेन्शनच्या धड्यात लाप्लासचं सूत्र होतं. बुडबुड्यातला जादा दाब पृष्ठताणाच्या सम प्रमाणात आणि त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे बुडबुडा जितका लहान, तितका तो उघडा ठेवायला दाब जास्त. फुफ्फुसातले वायुकोश म्हणजे आतून ओले असलेले असे लाखो बुडबुडे. मोठ्या माणसाच्या वायुकोशात सरफॅक्टंट नावाचा साबणासारखा थर असतो, तो हा ताण कमी करतो. गर्भात हा थर पुरेसा तयार व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. त्याआधी बाळ बाहेर आलं तर श्वास सोडताना वायुकोश मिटतात आणि पुढच्या श्वासाला पुन्हा पहिली फुंकर! नाकपुड्या फुलतात, बरगड्या आत ओढल्या जातात, बाळ कण्हल्यासारखा आवाज करतं. काही तासांत थकतं. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजारानं दोन दिवसांच्या आत गेला. राष्ट्राध्यक्षाच्या मुलालाही तेव्हा उपाय नव्हता.

उपाय आला १९७१ मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. जॉर्ज ग्रेगरी यांच्या चमूनं २० बाळांना सतत थोडा दाब देऊन श्वास घ्यायला लावला. २० पैकी १६ जगली. त्यांनी बहुतेक बाळांच्या श्वासनलिकेत नळी घातली होती. १९७३ पर्यंत हाच दाब नुसत्या नाकातून द्यायची पद्धत आली. याचं नाव सीपॅप. घशातून नळी घालायची नाही, मशीननं बाळाच्या वतीनं श्वास घ्यायचा नाही. श्वास बाळच घेतं. आपण फक्त फुग्यातली सगळी हवा जाऊ देत नाही.

आणि हा दाब मोजायचा कशानं? मित्रांनो, इथे मला खरोखर गंमत वाटली. यातल्या ‘बबल सीपॅप’ प्रकारात बाळाच्या नाकाला दोन छोट्या नळ्या, एका बाजूनं गरम आणि दमट केलेली हवा येते, दुसऱ्या बाजूची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. नळी पाण्यात पाच सेंटिमीटर खोल, तर दाब पाच सेंटिमीटर. सहा हवा असेल तर नळी एक सेंटिमीटर खाली ढकला. झालं! फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमधला आपला मॅनोमीटर. ज्याचं रीडिंग आपण पार्टनरच्या जर्नलमधून उतरवतो, तोच. वातावरणाचा दाब म्हणजे साधारण दहा मीटर पाणी. त्याच्या अर्ध्या टक्क्याइतका जादा दाब, आणि बाळ कण्हायचं थांबतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या शिफारशींत अशा बाळांसाठी सीपॅप सांगितला आहे, आणि दाब देण्याचा मार्ग म्हणून बबल प्रकारालाही मान्यता दिली आहे. आफ्रिकेतल्या मलावी देशात ब्लँटायरच्या सरकारी रुग्णालयात केलेला अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. नुसत्या ऑक्सिजनवर ४४ टक्के बाळं जगली होती, बबल सीपॅपवर ७१ टक्के. तिथलं ‘पुमानी’ नावाचं मशीन मुळात ह्यूस्टनच्या राइस युनिव्हर्सिटीतल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या फायनल इयर प्रोजेक्टमधून आलं. फिश टँकमध्ये असतात तसे एअर पंप वापरून! आपल्याच वयाची पोरं. पण ही गोष्ट आपल्याकडे सांगताना दुसरा अर्धा भाग गाळला जातो. प्रोजेक्ट सबमिट करून ती मंडळी थांबली नाहीत. पुढे वर्षानुवर्षं त्यावर चाचण्या झाल्या, नर्सना शिकवलं गेलं, मशीन वॉर्डात टिकतं का ते बघितलं गेलं. ट्रॉफीनंतरचं काम ट्रॉफीच्या आधीच्या कामापेक्षा मोठं होतं.

कारण इतकं साधं मशीनसुद्धा रोज, दर तासाला बिघडू शकतं. बाटलीत बुडबुडे थांबले म्हणजे कुठेतरी गळती आहे, नाहीतर हवेचा प्रवाह कमी पडतोय. नळीत वाफेचं पाणी साचलं की बाटलीवर पाच दिसतं, पण बाळाला जास्त दाब जातो. दाब फार झाला तर फुफ्फुसाला छिद्र पडू शकतं. २००८ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ८ सेंटिमीटरने सुरुवात केलेल्या बाळांपैकी ९ टक्क्यांच्या बाबतीत हवा फुफ्फुसाबाहेर गेली, श्वासनलिकेत नळी घातलेल्यांमध्ये हे प्रमाण ३ टक्के होतं. ह्युमिडिफायर बंद पडला तर कोरडी हवा नाक सोलून काढते. नाकातली नळी घट्ट बसली तर दोन नाकपुड्यांमधला पडदा झिजतो, सैल बसली तर दाबच मिळत नाही. हे सगळं सिस्टर बघतात. तीन पाळ्यांत, इतर बाळं सांभाळून.

आणि सगळ्यात मोठा धोका आहे तो ऑक्सिजनचा. ऐकून आश्चर्य वाटेल, पण जादा ऑक्सिजन या बाळांना आंधळं करतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अजून वाढत असतात, त्या बिघडतात. १९४० आणि ५० च्या दशकांत युरोप-अमेरिकेत हजारो मुलं अशी आंधळी झाली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं तेव्हा ऑक्सिजनवर संशय पक्का व्हायला लागला. गायक स्टीव्ही वंडर १९५० मध्ये दिवस भरायच्या आधी जन्मला. त्याची दृष्टी याच आजारानं गेली. म्हणून हवा आणि ऑक्सिजन मोजून मिसळणारा ब्लेंडर लागतो आणि बाळाच्या पायाला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर लागतो. साधारण ९० ते ९५ टक्के, त्याच्या वर नाही.

आता विचार करा. ब्लेंडर बंद आहे, कॉम्प्रेसर बंद आहे, पण सिलिंडर भरलेला आहे. कोणीतरी हुशारीनं सिलिंडरची नळी थेट जोडली. बुडबुडे येतात, बाळ गुलाबी होतं, सगळे खूष. वीस वर्षांनी ते मूल आपल्याएवढं होतं तेव्हा हे पान वाचू शकत नाही. ‘जुगाड’ या शब्दावर आपण इंजिनिअर मंडळी फार खूष असतो. इथे जुगाडाची किंमत बनवणारा देत नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. सरकारी व्यवस्थेत जिल्हा पातळीवर नवजात बाळांसाठी खास कक्ष असतो, त्याला एस.एन.सी.यू. म्हणतात. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, इकडे सांगली आणि मिरजेची सरकारी रुग्णालयं, ही ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांची शेवटची ठिकाणं. तिथपर्यंत पोचायचं कसं ते आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, कारण एस.टी.नं आपण त्याच रस्त्यांनी सुटीला घरी जातो. महाबळेश्वर-जावळीचा घाट, पाटणच्या डोंगरातल्या वाड्या, इकडे जतपासून सांगली ऐंशी-नव्वद किलोमीटर. २०१४ पासून १०८ ची अँब्युलन्स आहे, तिचा मोठा आधार आहे. पण घाटात गाडी वळली की पाण्याची बाटलीही कलंडते, आणि मग पाच सेंटिमीटर पाच राहत नाही. बंगळूरच्या एका चमूनं ‘सांस’ नावाचं नवजात बाळांचं सीपॅप बनवलं ते याच अडचणीवर. ते गाडीच्या विजेवर, बॅटरीवर, आणि वेळ पडली तर हातानं पंप करूनही चालतं. त्यातल्या नितेश जांगीर यांना २०१९ मध्ये राष्ट्रकुलाचा पुरस्कार मिळाला. म्हणजे मशीनही आहेत, डोकीही आहेत. मग अडतं कुठे?

२०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानानं सरकारी रुग्णालयांतल्या उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी देशभर मोजणी झाली. २९,११५ आरोग्य संस्था, ७,५६,७५० उपकरणं, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. त्यातली बंद किती? राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के! म्हणजे काही ठिकाणी दर तिसरं उपकरण नुसतं जागा अडवून उभं होतं. आपण नवीन ‘लो कॉस्ट’ मशीन बनवायला निघालो होतो, आणि आधीच घेतलेली मशीन फ्यूज, बॅटरी, सेन्सर, फिल्टर यांसाठी धूळ खात होती.

या कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातली उपकरणं ९५ टक्के वेळ चालू राहावीत असं उद्दिष्ट ठेवलं. परीक्षेत ९५ टक्के म्हणजे डिस्टिंक्शनच्याही वर. पण उरलेल्या पाच टक्क्यांचा हिशोब करा. वर्षातले अठरा दिवस. त्या अठरा दिवसांत जन्मलेल्या बाळाला ‘पुढच्या आठवड्यात या’ सांगता येत नाही.

इथे मला आपल्याच मातीतली एक गोष्ट आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या संस्थानात माळरानावर कारखाना काढला. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. नांगर आला, पुढे पंप आले, आणि कृष्णाकाठचा ऊस उभा राहिला. या पंपांचं आपण कौतुक करतो ते योग्यच आहे. पण पंप शेतकऱ्याचा झाला तो फक्त कारखान्यामुळे नाही. तो झाला गावोगावच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांमुळे. ऐन उन्हाळ्यात मोटर जळली की शेतकरी ती गाडीवर टाकून आणतो, आणि दुकानदार रात्रभर बसून तांब्याची तार भरून सकाळी देतो. कारण दोघांनाही माहीत असतं, ऊस थांबणार नाही. उसाला जे आपण दिलं, ते बाळाला दिलं का? जळलेली मोटर रात्रीत चालू होते आणि बाळाचा ह्युमिडिफायर पार्टची वाट बघत पडून राहतो, असं जिथे होतं तिथे कमी आहे ती अक्कल नाही, रिवाइंडिंगवाला कमी आहे.

यावर हॉस्टेलवर वाद झाला तेव्हा तीन मुद्दे आले. तिन्ही लिहिते, कारण तिन्हींत तथ्य आहे.

पहिला, ‘दुरुस्ती हे टेक्निशियनचं काम, इंजिनिअरचं नाही.’ मला हा मुद्दा आपल्या शिक्षणाचा आजार वाटतो. आपल्याला डिझाइनला मार्क आहेत, मेंटेनन्सला नाहीत, म्हणून आपण मेंटेनन्सला कमी समजतो. ज्यानं बंद पडलेली पन्नास मशीन उघडून बघितलीत, त्यानं काढलेलं एक्कावन्नावं डिझाइन आपल्यापेक्षा चांगलंच असणार.

दुसरा मुद्दा, ‘मशीनपेक्षा माणसं महत्त्वाची.’ एकदम मान्य. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले. हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मुदतीआधी प्रसूती होणार असं दिसलं तर आईला द्यायचं स्वस्त इंजेक्शन आहे, जन्मानंतर आईच्या छातीशी उघडं बाळ धरणं आहे, आणि या दोन्हींना प्लग लागत नाही. महाराष्ट्रात २०२० मध्ये हजार जन्मांमागे ११ नवजात मृत्यू होते, देशात २०. ते या सगळ्यांच्या कष्टानं. पण शिकलेल्या सिस्टरच्या हातात बंद मशीन दिलं तर तिचं शिक्षणही बंद पडतं. माणूस की मशीन हा वाद नाहीच. चालू मशीन हा सिस्टरचा हक्क आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यात खरा. ‘उद्या विद्यार्थ्यांनी हात लावलेल्या मशीनवर बाळाला काही झालं तर?’ बरोबर आहे. २०२१ मध्ये व्हेंटिलेटर सदोष असल्याचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला होता. त्याच वर्षी ९ जानेवारीच्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात आग लागली. १७ बाळं होती. ७ वाचवली, १० गेली. ज्या खोलीत ऑक्सिजन, हीटर, प्लॅस्टिक आणि वायरिंग एकत्र आहे, ती खोली खेळायची जागा नाही. म्हणून मी म्हणते, बाळाजवळच्या मशीनला आपण बोटही लावायचं नाही. पण वायरिंग, लोड, अलार्म, अर्थिंग हे विषय कोणाच्या अभ्यासक्रमातले आहेत? डॉक्टरांच्या नक्कीच नाहीत. आपल्याला जबाबदारीची भीती वाटते म्हणून ती जबाबदारी नाहीशी होत नाही. ती रात्रपाळीच्या सिस्टरवर जाऊन पडते.

मग करायचं काय? मला चार गोष्टी सुचतात.

एक, फायनल इयरच्या प्रत्येक मेडिकल प्रोजेक्टला व्हायवामध्ये तीन प्रश्न सक्तीचे करावेत. हे बंद पडलं तर कसं कळणार? सुटा भाग या जिल्ह्यात कुठे मिळणार? दुरुस्त कोण करणार? उत्तर नसेल तर मार्क कापा, मॉडेलवर कितीही एलईडी लुकलुकत असू देत.

दोन, थर्ड इयरच्या इंटर्नशिपसाठी कंपन्यांच्या दारात रांग लावण्याबरोबरच रुग्णालयाच्या बायोमेडिकल इंजिनिअरच्या हाताखाली जाण्याची सोय कॉलेजनं करावी. जिल्हा शल्यचिकित्सकांची रीतसर परवानगी घेऊन. काम काय? वापरातून काढलेली मशीन, भिंतीवरचे सॉकेट, बॅटरी बॅकअप, आणि नोंदी. कोणतं मशीन कधी बंद पडलं, कशानं, किती दिवसांनी चालू झालं, याची साधी वही. ही वहीच मोठं इंजिनिअरिंग आहे.

तीन, नवीन काही बनवायचंच असेल तर तपासणीची साधनं बनवा. नळीच्या टोकाला खरा दाब किती आहे ते दाखवणारं, ब्लेंडरमधून खरंच किती टक्के ऑक्सिजन येतो ते ताडून बघणारं. बाळाला न जोडता मशीनची परीक्षा घेणारं. यात ग्लॅमर नाही, पण धोकाही कमी आणि उपयोग रोजचा.

चार, बायोमेडिकलच्या तंत्रज्ञांना आणि एस.एन.सी.यू.च्या सिस्टरना एकदा कॉलेजमध्ये बोलवा. सेमिनार हॉलमध्ये आपण मोटिव्हेशनल स्पीकरला दोन तास ऐकतो. रात्री तीन वाजता बुडबुडे थांबल्यावर पहिला हात कुठे जातो, हे सांगणारी बाई मला जास्त मोटिव्हेशनल वाटेल.

सर, मॅडम, ही पानं स्टाफरूममध्येही वाचली जातात हे माहीत आहे, म्हणून तुम्हालाही विनंती. पुढच्या वर्षीच्या विषयांच्या यादीत ‘देखभाल’ हा शब्द एकदा तरी येऊ द्या. आणि मित्रांनो, ज्यांना यात रस आहे त्यांनी सेमिस्टर सुरू व्हायच्या आत नावं द्या. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, सगळ्यांचं काम आहे. पत्राचा मसुदा मी तयार ठेवते. सह्या आणि एक गाईड पाहिजे.